नांदेडच्या दादाजींचे स्मरण

नांदेड हे नाव उच्चारताच आमच्या वाचकांच्या डोळ्यांपुढे गोदावरीचे घाट, गुरुद्वारा आणि कापसाने भरलेला मोंढा उभा राहतो. परंतु याच नावाचे एक लहानसे खेडे चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यात आहे, ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांस ठाऊक असेल. त्या खेड्यातील दादाजी रामाजी खोब्रागडे हे शेतकरी ता. ३ जून २०१८ रोजी गडचिरोली जिल्ह्यातील शोधग्राम येथील रुग्णालयात निवर्तले. त्यांचे शिक्षण मराठी तिसरीपर्यंत झालेले, जमीन जेमतेम, आणि घर दलित समाजातील एका गरीब कुणब्याचे. असे असूनही नांदेड-लातुरापासून थेट छत्तीसगडपर्यंतच्या वाण्याच्या दुकानांत ‘एच.एम.टी.’ नावाचा जो बारीक तांदूळ आज मिळतो, तो प्रथम या गृहस्थांच्या हातून निपजला. आपल्या घरी पाहुणा आला की जो भात आपण अभिमानाने वाढतो, त्याच्या जनकाचे नाव आपणांस ठाऊक नसावे, ही गोष्ट आम्हांस बरी वाटत नाही, आणि म्हणूनच हा लेख लिहिण्यास आम्ही प्रवृत्त झालो आहो.

गावोगावी कोणी वृद्ध शेतकरी वारला म्हणजे चौकात जो फलक लागतो, त्यावर तीन विशेषणे हटकून असतात: कष्टाळू, कुटुंबवत्सल आणि मनमिळाऊ. ही विशेषणे खोटी असतात असे आमचे म्हणणे नाही. बहुधा ती खरीच असतात. परंतु तीच तीन विशेषणे सर्वांच्या नावापुढे लागल्यामुळे त्यांतून त्या एका मनुष्याविषयी काहीच कळत नाही. त्याने विहीर कोणत्या वर्षी खणली, पाणी किती हातांवर लागले, चिभड रानात चर कोणत्या बाजूने काढला, बियाणे कोणाकडून आणले व कसे राखले, यांपैकी एक अक्षरही तेथे नसते. दहावे होते, तेरावे होते, तलाठ्याकडे वारसाचा फेर पडतो, आणि चाळीस-पन्नास वर्षांच्या शेतीचा अनुभव सातबाऱ्यावरील नावाबरोबर कमी होतो. दादाजींच्या आयुष्याकडे आम्ही पाहतो ते याच दृष्टीने. कष्ट आणि कुटुंबवात्सल्य हे दोन गुण त्यांच्या ठायी होतेच. पण त्या गुणांनी नेमके काय केले, हे त्यांच्या बाबतीत सुदैवाने तारीखवार सांगता येते.

सन १९८३ ची गोष्ट. दादाजींनी आपल्या शेतात ‘पटेल ३’ नावाचे धान लावले होते. (आपल्याकडे ज्याला साळ म्हणतात त्यालाच तिकडे धान म्हणतात.) पीक पाहावयास ते बांधावरून फिरत असता काही लोंब्या इतरांहून निराळ्या दिसल्या, त्यांच्या दाण्यांवर पिवळसर झाक होती. असल्या लोंब्या तीनच होत्या. शेतात फिरणाऱ्या दहा माणसांपैकी नऊ जण असला प्रकार पाहून ‘भेसळ झाली’ एवढे म्हणतील व पुढे जातील. दादाजींनी त्या तीन लोंब्या खुडल्या, घरी आणल्या आणि एका प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवल्या. पुढल्या वर्षी ते दाणे त्यांनी शेताच्या मधोमध निराळे पेरले आणि रानडुकरांनी नासधूस करू नये म्हणून भोवती काट्यांचे कुंपण केले. त्यातून जे आले ते पुन्हा निवडले, पुन्हा पेरले. असे एकामागून एक हंगाम गेले. १९८८ च्या सुमारास हे धान मूळ ‘पटेल ३’ पेक्षा अधिक उतरते अशी त्यांची खात्री झाली. दाणा बारीक होता, आणि शिजवून पाहता भात चवीलाही सरस लागला.

येथे क्षणभर थांबून या कामाचे मोल काय ते पाहिले पाहिजे. साळीच्या फुलात परागसिंचन बहुतांशी त्याच फुलातील परागाने होते. त्यामुळे एखाद्या रोपात काही नवा गुण उतरला आणि ते रोप वेगळे काढून वाढविले, तर तो गुण पुढल्या पिढ्यांत टिकण्याचा संभव पुष्कळ असतो. हे शास्त्र विद्यालयात शिकवितात. दादाजींस ते कोणी शिकविले नव्हते. परंतु शास्त्राला जे हवे, म्हणजे वेगळेपणा ओळखणे, तो वेगळा राखणे आणि घाई न करता वर्षानुवर्षे पडताळणे, ते तिन्ही त्यांनी केले. यास द्रव्य लागले नाही, पण मोठी गोष्ट लागली ती धीराची. ज्याच्याकडे विसावर एकर आहेत त्याने एक वाफा प्रयोगासाठी सोडला तर त्याच्या घरी कोणाच्या पोटाला चिमटा बसत नाही. ज्याची सारी जमीनच थोडकी, त्याने तिच्यातील एक कोपरा सहा-सात वर्षे अनिश्चित गोष्टीकडे लावणे हा त्या घराने सोसलेला खर्च असतो. तो खर्च कोणत्याही जमाखर्चात दिसत नाही.

१९९० च्या सुमारास गावातील एका मोठ्या शेतकऱ्याने दीडशे किलो बी दादाजींकडून नेले व चार एकरांत लावले. पीक जोरात आले. तो माल तळोधीच्या बाजारात गेला तेव्हा या नव्या तांदळास नाव काय द्यावे असा प्रश्न पडला. त्या काळी एच.एम.टी. कंपनीची मनगटी घड्याळे घरोघरी प्रतिष्ठेची होती. व्यापाऱ्याने तेच नाव ठोकून दिले. ज्याने वाण निर्माण केला त्याचे नाव नाही, त्याच्या गावाचे नाही, तर एका घड्याळाचे! बाजार असाच असतो. तथापि नावामागे गुण होता म्हणूनच ते टिकले. दाणा बारीक, भात मऊ, भरडल्यावर उतारा चांगला, आणि दर इतर धानापेक्षा चढा. शेतकऱ्यांनी बी एकमेकांस दिले व पाहता पाहता हा वाण जिल्ह्याबाहेर, आणि मग प्रांताबाहेर गेला. किती गिरण्यांनी व किती दुकानदारांनी त्यावर पैसा मिळविला याची मोजदाद कोणी केलेली नाही. दादाजींच्या वाट्यास आले ते प्रथम विकलेल्या बियाण्याचे दाम.

यापुढची हकीकत कटु आहे, पण ती सांगितलीच पाहिजे. १९९४ साली अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठाच्या सिंदेवाही येथील भात संशोधन केंद्रातील लोकांनी प्रयोगासाठी म्हणून दादाजींकडून पाच किलो बी नेले. १९९८ साली विद्यापीठाने ‘पी.के.व्ही. एच.एम.टी.’ या नावाने वाण प्रसारित केला. विद्यापीठाचे म्हणणे असे की शेतकऱ्यांकडील बियाणे भेसळयुक्त होते, निवड पद्धतीने आम्ही ते शुद्ध केले, सबब हा वाण आमचा. या म्हणण्यात काहीच तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. बियाणे शुद्ध करणे हे कौशल्याचे काम आहे, आणि आपल्या परभणीच्या विद्यापीठाने व नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने मराठवाड्यावर केलेले उपकार जाणणारे आम्ही आहो, ‘एन.एच.एच. ४४’ या नांदेडच्या संकरित कापसाने एके काळी किती घरांत पैसा आणला हे वडीलधाऱ्यांस विचारावे. परंतु दुसऱ्याच्या गोठ्यातील वासरू आणून त्यास खरारा केला म्हणजे ते आपले होत नाही. मूळ निवड ज्याची, त्याचे नाव वाणाबरोबर सांगणे यास एक कपर्दिकही लागत नव्हती. ते झाले नाही, आणि आपल्या वाणाचे श्रेय मिळावे म्हणून त्या तिसरी शिकलेल्या मनुष्यास पुढे वर्षानुवर्षे दाद मागावी लागली.

मान मिळाले नाहीत असे नाही. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने त्यांची दखल घेतली आणि २००५ साली राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. २०१० साली ‘फोर्ब्स’ या अमेरिकन नियतकालिकाने भारतातील प्रभावी ग्रामीण उद्योजकांच्या यादीत त्यांचे नाव घातले. राज्य सरकारनेही सुवर्णपदक दिले. आणि पुढे अडचणीच्या वेळी ते मोडावयास नेले असता सोने अस्सल नसल्याचे आढळून आले, असे वृत्तपत्रांनी प्रसिद्ध केले होते. या शेवटच्या गोष्टीवर आम्ही काही भाष्य करीत नाही. वाचक ते स्वतःशी करतील.

अडचण कसली होती? मुलाच्या आजारपणाची. त्या दवाखान्यापायी दादाजींस आपली जमीन विकावी लागली. ज्या मातीत तीन लोंब्या सापडल्या तीच गेली! आमच्या वाचकांत असा कोण आहे ज्याला हा प्रसंग केवळ ऐकून माहीत आहे? घरात दुखणे शिरले की प्रथम दागिना जातो, मग बैल जातो आणि शेवटी रान जाते. कुटुंबवत्सल हा शब्द फलकावर रंगविणाऱ्यांस तो किती महाग पडतो याची कल्पना नसते. पुढे सुनेच्या नावे तिच्या माहेरकडून घेतलेल्या दीड एकरावर दादाजींनी पुन्हा आपले काम मांडले. प्रतिष्ठेच्या खोट्या कल्पना असलेला सासरा सुनेच्या रानात वाफे करीत बसला नसता, ते बसले. एच.एम.टी. नंतर त्यांनी आणखी वाण काढले, ते एकंदर नऊ झाले. त्यांची नावे पाहण्याजोगी आहेत: विजय नांदेड, नांदेड चिन्नोर, नांदेड ९२, नांदेड हिरा, नांदेड दीपक. व्यापाऱ्याने घड्याळाचे नाव दिले होते. स्वतःवर नाव देण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी गावाचे दिले. ‘डी.आर.के.’ या एका वाणास मात्र स्वतःची आद्याक्षरे लाविली. इतके सोसल्यावर एवढा अभिमान कोणास शोभणार नाही?

काही व्यवहारी मंडळी म्हणतात की हा मनुष्य भोळा होता. बी फुकट वाटण्यापेक्षा त्याने घर पाहावयास हवे होते. हा आक्षेप आम्हांस मान्य नाही. त्याने घर पाहिले नाही असे म्हणण्यास काय आधार आहे? मुलासाठी जमीन विकणारा, म्हातारपणी दीड एकरात राबणारा मनुष्य घर विसरलेला नसतो. आणि बी देणे-घेणे हा आपल्याकडे भोळेपणा कधीच नव्हता. पेरणीच्या वेळी शेजाऱ्याने पायली मागितली तर नाही म्हणू नये, सुगीला त्याने सवाईने आणून द्यावी, ही रीत बापजाद्यांपासून चालत आली. तिच्यात लबाडीला जागा नव्हती, कारण देणारा व घेणारा एकाच पारावर बसत. घेणारा जेव्हा परगावचा, शिक्क्याचा आणि कागदाचा झाला, तेव्हा देणाऱ्याकडेही कागद असावयास हवा होता. उणीव होती ती तेथे, देणाऱ्याच्या स्वभावात नव्हे.

२०१८ साली अंगावरून वारे गेल्यानंतर त्यांच्या औषधोपचारासाठी समाजापुढे मदतीची विनवणी करण्याची पाळी आली. सरकारी साहाय्य जाहीर झाले तोवर फार उशीर झालेला होता. मृत्यूनंतर मात्र सर्व पक्षांच्या पुढाऱ्यांनी शोक प्रगट केला.

असे आपल्याच देशात होते असे नाही. अमेरिकेतील सुप्रसिद्ध ल्यूथर बर्बँक याने तरुणपणी बटाट्याचा एक उत्कृष्ट वाण निवडून काढला व १८७५ च्या सुमारास त्याचे हक्क अवघ्या दीडशे डॉलरांस विकून तो कॅलिफोर्नियास गेला. त्या बटाट्याच्या वंशजांनी पुढे अब्जावधींचा व्यापार केला. वनस्पतींस स्वामित्वहक्क देणारा कायदा त्या देशात झाला तो १९३० साली, बर्बँकच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी. आपल्याकडे ‘पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम’ झाला तो २००१ साली. म्हणजे सिंदेवाहीस पाच किलो बी गेल्यानंतर सात वर्षांनी. या कायद्याने शेतकऱ्यास स्वतः काढलेल्या किंवा राखलेल्या वाणाची नोंद आपल्या नावे करता येते, आणि त्यासाठी त्यास शुल्क द्यावे लागत नाही. घरचे बी राखणे, पेरणे, देणे-घेणे व विकणे हा त्याचा हक्कही मान्य केलेला आहे. केवळ छाप मारून विकण्यास मनाई आहे. धान्याच्या वाणास पंधरा वर्षे संरक्षण मिळते. कायदा चांगला आहे. परंतु कायदा बांधावर चालत येत नाही, आणि तो अमलात असूनही आपल्या दोन जिल्ह्यांत त्याची माहिती किती जणांस आहे, हे आमच्या वाचकांनी आपल्याच गावाच्या पारावर विचारून पाहावे.

कारण हा विषय परमुलुखाचा नव्हे. २०२४ साली लातूर जिल्ह्यातील तीन पिकांस भौगोलिक मानांकन मिळाले: निलंगा तालुक्यातील बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच आणि काष्टी कोथिंबीर. फार आनंदाची गोष्ट आहे. पण बोरसुरीची ती तूर कोणी राखली? कोणत्या म्हाताऱ्याने वा म्हातारीने ठळक शेंगांची झाडे काढणीआधी खुणेची चिंधी बांधून बाजूला ठेवली, दाणे राख लावून मडक्यात भरले? गावाचे नाव मानांकनात आले हे योग्यच झाले. ज्या हातांनी ते घडले त्यांची नावे मात्र कोणत्याही दप्तरी नाहीत. आता तर तो प्रश्नही मागे पडत चालला आहे. पिवळी ज्वारी, खरिपाचे मूग-उडीद, करडई, जवस, हे सारे एके काळी पाटा-पाटाने एका रानात असे. आज लातूर काय नि नांदेड काय, आषाढात जिकडे पाहावे तिकडे सोयाबीन. सोयाबीनने पैसा दिला, ते पेरू नये असे सांगण्याचा आमचा हेतू नाही. परंतु घरात निवडलेले बी असण्याची सवयच तुटली, आणि सवय तुटली की नजरही जाते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात घरे जमीनदोस्त झाली तेव्हा माणसांबरोबर काय काय गाडले गेले याचा हिशोब पंचनाम्यांत आला. वृद्धांच्या डोक्यातील शेतीचा हिशोब कोण घालणार? भूकंप एकदा होतो. ही हानी तर दरसाल, घरोघर, गाजावाजा न होता चालू आहे.

यासाठी मोठ्या योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. ज्यांच्या रानात काही निराळे झाड दिसेल, त्यांनी ते उपटून फेकण्यापूर्वी एक वर्ष द्यावे. सोयाबीन, हरभरा व साळ यांत निवड सोपी आहे, कारण या पिकांत बाहेरचा पराग थोडाच येतो. तुरीचे तसे नाही. तिच्या फुलांवर मधमाश्या फार, त्यामुळे शेजारच्या रानातील पराग मिसळतो. सबब निवडलेल्या झाडाच्या काही फांद्यांस कळीवर असतानाच पातळ कापडाची वा जाळीची पिशवी बांधावी, व त्याच शेंगांचे बी धरावे. सोबत एक साधी वही असू द्यावी. कोणत्या गटात, कोणत्या सालात झाड दिसले, काय वेगळे वाटले, किती बी झाले, कोणास दिले, एवढे लिहिले तरी पुरे. छायाचित्र तर आता खिशातल्या फोनवर निघते. आणि कोणीही, मग तो कितीही मोठ्या हुद्द्याचा असो, प्रयोगासाठी बी मागावयास आला तर ते आनंदाने द्यावे, पण वजन, तारीख व हेतू लिहून पोच घ्यावी. याने मैत्री बिघडत नाही. भावाभावांत बांध घातला म्हणून प्रेम आटते असे थोडेच आहे? पोखर्णी व सगरोळी येथे कृषि विज्ञान केंद्रे आहेत, तसेच लातुरासही आहे. तेथे जाऊन वाण-नोंदणीची चौकशी करण्यास संकोच वाटू नये. अकोले तालुक्यातील राहीबाई पोपेरे यांनी शाळेचे तोंड न पाहता देशी बियाण्यांचा संग्रह केला व २०२० साली त्यांस पद्मश्री जाहीर झाली. तेव्हा अक्षरओळख नाही ही सबब तरी कोणी सांगू नये. घरात शिकलेला नातू असतोच.

वहीत घरच्या स्त्रियांचे म्हणणे अवश्य उतरवावे, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. बी निवडले कोणी असे विचारले की ओसरीवरील पुरुष ‘आम्ही’ म्हणतो. पण मडके कोणत्या कोपऱ्यात आहे, त्यात कडुनिंबाचा पाला घातला की राख, आणि कोणत्या साली त्याला भुंगा लागला होता, हे विचारले की तोच उठून आत विचारावयास जातो.

मार्गशीर्षातील वेळा अमावस्या आपल्याकडे घरोघर होते. त्या दिवशी गावे ओस पडतात, सारे कुटुंब रानात जाते, कडब्याची खोप उभी राहते, पांडवांची पूजा होते आणि भज्जी-आंबिलीची पंगत बसते. हुरड्यावर आलेली ज्वारी आणि फुलावर आलेला हरभरा समोर असतो, तूर बहुधा शेंगांनी भरलेली असते. पोटभर जेवण झाल्यावर घरातील सर्वांत वृद्ध माणसास घेऊन मुलानातवंडांनी एकदा बांधाबांधाने फिरावे आणि तो जे सांगेल ते तेथेच लिहून काढावे. असे लिहिलेले आमच्याकडे पाठविल्यास या मासिकात त्यास जागा देऊ, आणि सांगणाऱ्याचे नाव त्यावर पूर्ण छापू.